पोच मिळाली का?

घाटकोपर स्टेशनाबाहेर भाजीवाल्याकडून चाळीस रुपयांची भाजी घेतली, मोबाइलवरून पैसे दिले, की गाडीवरची छोटी पेटी रक्कम मोठ्याने सांगते. मुलांनी हे इतक्या वेळा पाहिलेले असते की त्यांना त्याचे नवल वाटत नाही. तरीही एखादे मूल वर्गात विचारतेच, "पैसे हवेतून जातात का?" प्रश्न चांगला आहे. पैसे कुठेच जात नाहीत. गिऱ्हाइकाच्या बँकेच्या खातेवहीत चाळीस रुपये कमी होतात, भाजीवाल्याच्या बँकेच्या खातेवहीत चाळीस वाढतात. या दोन नोंदी जुळाव्यात म्हणून मधल्या काही सेकंदांत जे ये-जा करतात ते निरोप असतात.

निरोप पाठवणे तसे सोपे. कठीण आहे ते दुसरेच. निरोप पाठवला आणि उत्तर आले नाही, तर काय समजायचे? पोचला नाही असे? की पोचला, काम झाले, आणि उत्तरच वाटेत हरवले? माणसे दुसऱ्या दिवशी भेटून विचारतात. यंत्रांना तेवढी सवड नसते. त्यांना आधीच ठरवून द्यावे लागते. मुंबईतल्या बँकांच्या निरोपांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर बराच बोलका आहे. देशातील बऱ्याच बँकांची मुख्यालये या शहरात असल्यामुळे यातले पुष्कळसे प्रयोग आधी येथेच झाले.

चेकच्या तळाची पट्टी

घरातला एखादा चेक काढून त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहा. तिथे विचित्र वळणाचे आकडे छापलेले असतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ही आकड्यांची वळणे तयार झाली. शाईत लोहाचे चुंबकीय कण असतात आणि प्रत्येक आकड्याचा आकार असा निवडलेला असतो की, यंत्राच्या वाचकाखालून जाताना त्याचा विद्युतसंकेत इतरांपेक्षा वेगळा उमटावा. चेकवर शिक्का बसला, सही खाली घसरली, तरी आकडे वाचता येतात.

त्यातला नऊ आकड्यांचा गट हा पत्ता आहे. पहिले तीन आकडे शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईच्या चेकवर सुरुवातीला ४०० असते, म्हणजे आपल्या पिनकोडचेच पहिले तीन आकडे. बोरिवलीची शाखा असो की मुलुंडची, ४०० बदलत नाही. वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरच्या पासबुकांतले किंवा चेकांतले फक्त हे नऊ आकडे आणले तर वेगवेगळ्या बँका आणि शाखा ओळखण्याचा खेळ छान होतो. (खाते क्रमांक मात्र आणू नयेत, हे आधीच सांगावे.)

डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस केली आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत चेक यंत्राने वाचून वेगळे करणे सुरू झाले. त्याआधी उपनगरांतल्या शाखांतून आलेले गठ्ठे माणसे हाताने लावत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या सगळ्या बँकांनी कागदाचे एक माप, शाईचा एक प्रकार आणि आकड्यांचा एक क्रम मान्य केला. यंत्र नंतर आले, आधी करार झाला.

या कागदी निरोपात उत्तर न येण्याचा प्रश्न फार सुबकपणे सोडवलेला होता. चेक ज्या बँकेचा, तिने ठरलेल्या वेळेत तो परत पाठवला नाही, तर तो वटला असे धरायचे. गप्प राहणे म्हणजे होकार. ही रीत जुनी असली तरी मोडीत निघालेली नाही. २७ एप्रिल २०१३ पासून मुंबईत चेकचा कागद फिरण्याऐवजी त्याची प्रतिमा फिरू लागली, आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग वटवण्याची पद्धत आली. तिच्या पहिल्या टप्प्यातही संध्याकाळपर्यंत बँकेने काहीच कळवले नाही तर चेक मंजूर, असाच नियम ठेवला गेला.

नोटा देणारे यंत्र आणि न आलेले उत्तर

भारतातले पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत बसले. पुढची दहा वर्षे ज्या बँकेचे कार्ड त्याच बँकेचे यंत्र, असा प्रकार होता. १ फेब्रुवारी १९९७ रोजी इंडियन बँक्स असोसिएशनने मुंबईत 'स्वधन' नावाचे सामाईक जाळे सुरू केले आणि एका बँकेच्या ग्राहकाला दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून पैसे काढता येऊ लागले. आज यात विशेष ते काय, असे वाटेल. पण त्यासाठी एका बँकेच्या यंत्राला दुसऱ्या बँकेच्या खातेवहीला विचारावे लागते, "या माणसाला हजार रुपये देऊ का?" २००३ च्या अखेरीस स्वधन बंद पडले. २७ ऑगस्ट २००४ रोजी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने तीन बँकांना घेऊन नॅशनल फायनान्शियल स्विच सुरू केला, तो सबंध देशभर पसरला.

एटीएमच्या जगात संदेशाचा साचा ठरला होता तो १९८७ सालच्या आयएसओ ८५८३ या आंतरराष्ट्रीय मानकाने. तो अगदी काटकसरी आहे. विचारणा करणाऱ्या संदेशाच्या सुरुवातीला ०२०० असते, उत्तराच्या सुरुवातीला ०२१०. पुढे कोणकोणते रकाने भरलेले आहेत ते सांगणारा ६४ शून्य-एकांचा नकाशा, आणि मग रकाने. चौथा रकाना रकमेचा, बारा आकडी, दशांशचिन्हाशिवाय, पैशांत. चाळीस रुपये लिहायचे तर ००००००००४०००. एकोणचाळिसावा रकाना उत्तराचा. ०० म्हणजे मंजूर, ५१ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. तारा संथ आणि महाग होत्या त्या काळाची ही भाषा आहे. ज्याच्याकडे रकान्यांचा तक्ता नाही त्याला तो संदेश म्हणजे नुसती आकड्यांची माळ दिसते.

येथे गप्प राहण्याचा अर्थ बदलतो. यंत्राने ०२०० पाठवला, बँकेने खात्यातून हजार रुपये वजा केले, आणि ०२१० येण्याआधी तार तुटली. यंत्राने नोटा द्याव्यात का? अर्थातच नाही, त्याला मंजुरी मिळालेली नाही. पण खात्यातून तर हजार गेले. म्हणून आणखी एक संदेश ठेवलेला आहे, ०४२० या क्रमांकाचा. त्याचा अर्थ, "मघाचे ते विसरा, पैसे परत जमा करा." पोच मिळेपर्यंत हा संदेश पुन:पुन्हा पाठवायचा असतो. म्हणजे चेकमध्ये गप्प राहणे हा होकार होता, येथे तो नकार झाला. आमच्या मते संगणकांच्या संदेशविद्येतली ही एक मोठी पायरी आहे, आणि तिची जाहिरात कोणी केलेली नाही.

तरीही काही संदेश अडकतातच, आणि ते ज्याचे अडकतात त्याच्यासाठी हजार रुपये ही लहान बाब नसते. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने मुदती घालून दिल्या. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत व्हावी. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. पालकसभेत सांगण्याजोगी ही माहिती आहे.

नाव सांगणारे संदेश

दरम्यान दुसरीकडे वेगळाच प्रवाह वाहत होता. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी १९६९ च्या सुमारास मजकुरातल्या भागांना नावांच्या खुणा जोडण्याची पद्धत काढली. तिच्यातून १९८६ साली एसजीएमएल हे मानक झाले आणि त्याचे सुटसुटीत रूप म्हणून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल आले. यातली कल्पना शाळेतल्या मुलालाही कळते. रकाना कितवा आहे हे लक्षात ठेवण्याऐवजी प्रत्येक गोष्टीला तिचे नाव चिकटवायचे.

एक्सएमएल हे युनिकोडवर आधारलेले असल्यामुळे ही नावे देवनागरीतही चालतात. खालचा संदेश नियमांनुसार अगदी बरोबर आहे:

<देणे>
<व्यवहार क्रमांक="अ१२३"/>
<देणारा>आशा</देणारा>
<घेणारा>भाजीवाले</घेणारा>
<रक्कम चलन="रुपये">४०.००</रक्कम>
</देणे>

प्रत्येक खूण उघडते आणि तिरकी रेघ घेऊन बंद होते. आतल्या खुणा बाहेरच्या खुणेत पूर्ण बसतात, एकीत एक डबे ठेवावेत तशा. मुलांना आपल्या हजेरीपटाचे किंवा प्रगतिपुस्तकाचे असे रूप लिहायला सांगावे. एखादी खूण बंद करायची राहिली तर संगणक सबंध संदेश नाकारतो, हेही त्यांना आवडते. गुरुजींपेक्षा कडक परीक्षक!

किंमत म्हणाल तर संदेश लांबतो. आयएसओ ८५८३ ला बारा आकड्यांत जे जमते त्याला येथे दोन ओळी लागतात. पण १९९८ नंतर तारा स्वस्त होत गेल्या, आणि महाग होता तो कार्यक्रम लिहिणाऱ्या माणसाचा वेळ. शिवाय नवा रकाना घालायचा झाला तर जुन्या रकान्यांचे क्रमांक हलत नाहीत. असे संदेश वेबच्याच वाटेने पाठवून दूरच्या संगणकाकडून काम करून घेण्याच्या पद्धतीला 'वेब सर्व्हिस' हे नाव पडले. भारतात रिझर्व्ह बँकेची मोठ्या रकमांची आरटीजीएस यंत्रणा २६ मार्च २००४ ला सुरू झाली होती. १९ ऑक्टोबर २०१३ रोजी तिची नवी आवृत्ती आली, ती आयएसओ २००२२ या मानकाचे एक्सएमएल संदेश घेऊन.

एक सावधगिरी मात्र हवी. नाव लिहिले म्हणजे अर्थ ठरला असे नव्हे. 'रक्कम' म्हणजे रुपये की पैसे, 'तारीख' म्हणजे पाठवल्याची की मिळाल्याची, हे माणसांनी बसून ठरवावेच लागते.

मधला दुभाषा

आता अंधेरीकडे वळू. येथे १९७३ साली सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीचे क्षेत्र उभे राहिले आणि कालांतराने वस्तूंबरोबर संगणकाचे कार्यक्रमही तेथून निर्यात होऊ लागले. सिटीकॉर्पची एक कंपनी १९८०च्या दशकात तेथे काम करू लागली. त्याच कुळातून पुढे आय-फ्लेक्स ही कंपनी झाली, तिचा 'फ्लेक्सक्यूब' हा बँकेचा सर्व हिशेब सांभाळणारा कार्यक्रम जगभरच्या बँकांनी घेतला, आणि पुढे ओरॅकलने ती विकत घेतल्यावर तिचे मुख्यालय गोरेगावात राहिले. एचडीएफसी बँकेने फ्लेक्सक्यूब घेतला. बेंगळुरूच्या इन्फोसिसचा 'फिनॅकल' आयसीआयसीआय आणि बँक ऑफ बडोदा यांनी घेतला. स्टेट बँकेकडे टीसीएसचा 'बँक्स' आहे. तिन्ही उत्तम हिशेबनीस आहेत, पण तिघांच्या वह्यांची रचना निराळी.

यांना एकमेकांशी जोडायचे कसे? प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट बोलायचे ठरवले, तर २१ बँकांमध्ये जोड्या होतात २१ गुणिले २० भागिले २, म्हणजे २१०. (हस्तांदोलनाचे गणित, आठवीच्या वर्गात हेच उदाहरण घेता येईल.) मध्ये एक केंद्र ठेवून सगळ्यांनी फक्त त्याच्याशी बोलायचे ठरवले तर जोडण्या होतात २१. आणि केंद्राची भाषा एक असेल तर प्रत्येक बँकेला एकच दुभाषा पुरतो.

या दुभाष्यालाच इंटिग्रेशन सर्व्हर म्हणतात. १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या वेबमेथड्ससारख्या कंपन्यांनी हेच विकले. त्याची कामे ऐकायला साधी आहेत: आलेला संदेश साच्यात बसतो का पाहणे, तो आपल्या वहीच्या भाषेत बदलणे, वही व्यग्र असेल तर रांगेत ठेवणे, उत्तर उलट भाषेत करून परत पाठवणे आणि प्रत्येक पावलाची नोंद ठेवणे. पण चुकले तर काय होईल ते पाहा. बाहेरून एक्सएमएलमध्ये ४०.०० आले. आतली जुनी यंत्रणा पैशांत मोजणारी असेल तर दुभाष्याने ००००००००४००० लिहिले पाहिजे. त्याने ००००००००००४० लिहिले तर भाजीवाल्याच्या नावे चाळीस पैसे पडतील. म्हणूनच अशा कार्यक्रमांत लिहिण्यापेक्षा तपासण्यात जास्त वेळ जातो.

चाळीस रुपयांची फेरी

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, ही संस्था २००८ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यातच आहे. २००९ च्या डिसेंबरात तिने एटीएमचा स्विच हाती घेतला आणि २२ नोव्हेंबर २०१० ला त्याच पायावर आयएमपीएस ही तत्काळ पैसे पाठवण्याची सोय उभी केली. २०१५ साली तिने यूपीआयच्या संदेशांचा तपशीलवार आराखडा मांडला. तो सगळा एक्सएमएलमध्ये होता. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते २१ बँकांसह यूपीआयची सुरुवात झाली.

भाजीवाल्याच्या चाळीस रुपयांसाठी निदान आठ संदेश फिरतात. गिऱ्हाइकाच्या ॲपमागची बँक केंद्राला विनंती पाठवते. केंद्र भाजीवाल्याच्या बाजूला विचारते, हा पत्ता कोणत्या खात्याचा? उत्तर येते. केंद्र गिऱ्हाइकाच्या बँकेला चाळीस वजा करायला सांगते, उत्तर येते. मग भाजीवाल्याच्या बँकेला चाळीस जमा करायला सांगते, उत्तर येते. शेवटी पहिल्या बँकेला निकाल कळतो. प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याची अंकीय सही असते, त्यामुळे वाटेत एक अक्षर बदलले तरी लगेच कळते. गुप्त पिन मोबाइलमध्येच कूटबद्ध होतो. मधली बँक तो पाकीट न फोडता पुढे देते.

या आराखड्यातली आम्हाला सर्वांत विचारपूर्वक वाटलेली गोष्ट अशी: संदेश मिळताच समोरचा फक्त "मिळाला" एवढीच पोच देतो. "काम झाले" हे उत्तर नंतर, स्वतंत्र संदेशाने येते. डाकेच्या रजिस्टर पत्राची पोचपावती आणि पत्राचे उत्तर यांत जो फरक, तोच येथे.

आणि तरीही प्रश्न उरतो. भाजीवाल्याच्या बँकेला "चाळीस जमा करा" हा संदेश गेला आणि उत्तर आलेच नाही, तर? एटीएमप्रमाणे लगेच उलटे फिरवता येत नाही; कदाचित चाळीस जमा झाले असतील आणि भाजीवाल्याने ते खर्चही केले असतील. १९७०च्या दशकात संगणकशास्त्रज्ञांनी या कोड्याचा विचार केला आणि १९७८ साली जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींची गोष्ट जोडली. दोन टेकड्यांवरच्या दोन फौजांना एकाच वेळी हल्ला करायचा आहे, आणि जासूद दरीतून जाताना पकडला जाऊ शकतो. पहिल्याने वेळ कळवली, पोचली का? दुसऱ्याने पोच पाठवली. ती पोचली का? पोचेची पोच, तिचीही पोच... कितीही जासूद पाठवले तरी दोघांची शंभर टक्के खात्री होणे अशक्य आहे, हे तर्काने सिद्ध करता येते. हुशार अभियंते मिळाले तरी हे बदलणार नाही.

वर्गात हे करून पाहता येते. चार मुले घ्या: गिऱ्हाइकाची बँक, भाजीवाल्याची बँक, केंद्र आणि पोस्टमन. दोन्ही बँकांना वही द्या, संदेश चिठ्ठ्यांवर लिहा. पोस्टमनला गुपचूप सांगून ठेवा की एखादी चिठ्ठी खिशात घालायची. केंद्र झालेले मूल काय करते ते पाहा. बहुतेक वेळा ते तीच चिठ्ठी पुन्हा पाठवते, आणि भाजीवाल्याच्या वहीत ऐंशी रुपये होतात! मग मुलांकडूनच उपाय काढून घ्यावा. हजेरीपटावर 'हजर' दोनदा लिहिले तरी मूल एकच राहते, पण '४० जमा' दोनदा लिहिले की घोटाळा होतो. जमेच्या नोंदीला हजेरीसारखे कसे करायचे? प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता जुनेच उत्तर द्यायचे. यूपीआयचे संदेश असेच क्रमांक घेऊन फिरतात.

क्रमांक असला की आणखी एक संदेश शक्य होतो: "अमुक क्रमांकाच्या व्यवहाराचे काय झाले?" गप्प राहण्याचा हा तिसरा अर्थ. होकारही नाही, नकारही नाही, पुन्हा विचारा. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर दोन्ही बँकांच्या वह्या नंतर ताडून पाहिल्या जातात. व्यक्तीकडून व्यक्तीकडे पाठवलेली रक्कम जमा झाली नसेल, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ती परत करण्याचे बंधन २०१९ च्या त्याच परिपत्रकाने घातले. उशीर झाल्यास येथेही दिवसाला १०० रुपये.

शनिवार, १२ एप्रिल २०२५

यूपीआय सुरू होऊन नऊ वर्षे आणि एक दिवस झाला होता. त्या शनिवारी देशभर व्यवहार अडू लागले. दुकानांत लोक मोबाइल हातात धरून उभे राहिले, सुट्ट्या पैशांची शोधाशोध झाली. नंतर एनपीसीआयने कारण शोधले. तारा तुटल्या नव्हत्या, कोणी हल्लाही केला नव्हता. काही बँकांकडून "अमुक व्यवहाराचे काय झाले?" या चौकशीच्या संदेशांचा पूर आला होता, त्यांतल्या पुष्कळ चौकशा तर जुन्या व्यवहारांच्या होत्या. उत्तर उशिरा येते म्हणून चौकशी, चौकशांमुळे केंद्र व्यग्र, म्हणून उत्तर आणखी उशिरा, म्हणून आणखी चौकशी. शंका फेडण्यासाठी ठेवलेल्या संदेशानेच केंद्राचा श्वास कोंडला. २१० जोडण्यांऐवजी एक केंद्र ठेवण्याची ही दुसरी बाजू आहे: ते थकले की सगळेच थांबतात.

त्यानंतर विचारण्यालाच शिस्त लावली गेली. १६ जून २०२५ पासून पैसे देण्याच्या विनंतीला उत्तर देण्याची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणि चौकशीच्या उत्तराची मुदत ३० वरून १० वर आणली. एका व्यवहाराची चौकशी तीनपेक्षा जास्त वेळा करू नये, आणि मध्ये थांबावे, असे ठरले. १ ऑगस्टपासून एका ॲपवरून शिल्लक पाहण्यावरही दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली. त्याच ऑगस्ट महिन्यात यूपीआयच्या व्यवहारांनी पहिल्यांदाच २,००० कोटींचा आकडा ओलांडला.